रानगुलाब नव्हे, शेजारचं झुडूप बघा: बारबेरी कार्पेट पतंग आणि कुंपणाची छाटणी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यात तुम्ही घर घेतलंय. मागच्या बाजूला चाळीसेक मीटर लांबीचं जुनं जिवंत कुंपण आहे. त्यात रानगुलाब भरपूर, मध्ये मध्ये इतर काटेरी झुडपं. पतंगांच्या नोंदी ठेवणारा गावातला एक स्वयंसेवक सांगून गेला की या काटेरी झुडपांवर एका दुर्मिळ पतंगाच्या अळ्या असतात, जपा. जूनमध्ये तुम्हाला गुलाबावर उंटअळ्या, म्हणजे पाठीची कमान करत चालणाऱ्या अळ्या, दिसल्या. दुसऱ्या एका झुडपाची पानं पांढुरक्या अळ्यांनी पार फस्त केली. सप्टेंबरमध्ये ट्रॅक्टरवाल्याकडून कुंपण छाटून घ्यायचं ठरलंय. आता तुम्ही विचारताय की छाटू का, फवारू का, अळ्या घरात वाढवू का, आणि अशी झुडपं आणखी लावतो म्हटल्यावर पलीकडचा गहूवाला शेतकरी का बिथरला?

आधी एक गैरसमज काढू. तुम्ही जपायला निघालात ते रानगुलाब, पण तो दुर्मिळ पतंग बहुधा गुलाबावरचा नाहीच. ग्लॉस्टरशर, कुंपणातलं काटेरी झुडूप आणि दुर्मिळ पतंग असं तिन्ही एकत्र आलं की पहिलं नाव डोक्यात येतं ते बारबेरी कार्पेटचं. शास्त्रीय नाव पॅर्युलिपी बर्बेराटा. त्याच्या अळ्या निसर्गात जगतात त्या रानबारबेरीवर, म्हणजे बर्बेरिस वल्गॅरिसवर. हे झुडूप आपल्या दारुहळदीचं सख्खं भावंड. एकेकाळी ब्रिटनमध्ये या पतंगाची माहीत असलेली जागा पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातली एकच उरली होती. पुढे शोध घेतल्यावर ग्लॉस्टरशर, विल्टशर या भागांत आणखी वस्त्या सापडल्या. तुमचं गाव नेमक्या त्याच पट्ट्यात येतं, म्हणून स्वयंसेवकाचं बोलणं हलक्यात घेऊ नका. तुम्ही फोटो टाकलेले नाहीत, तेव्हा तुमच्या कुंपणात बारबेरी आहेच असं मी ठामपणे म्हणत नाही. पण ते तपासायला दहा मिनिटं पुरतात, आणि बाकी सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

कशी तपासायची? रानगुलाबाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाच ते सात पर्णिका. बारबेरीचं पान साधं, तळाशी निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि अशी पाच-सात पानं फांदीवर एका ठिकाणाहून झुबक्याने निघतात. कडेला बारीक, मऊसर काटेरी दाते असतात. झुबक्याच्या बरोबर खाली काटा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी तीन टोकांचा असतो. गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला रेटला की सालीसकट टचकन निघतो, कारण तो सालीचाच फुगवटा. बारबेरीचा काटा म्हणजे रूप बदललेलं पान. तो फांदीच्या आत रुजलेला असतो, रेटून निघत नाही, उलट बोटात मोडतो. एवढ्यावर खात्री पटली नाही तर पेन्सिलीएवढ्या फांदीची साल नखाने खरवडा. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळंजर्द दिसलं की विषय संपला. हा पिवळेपणा बर्बेरिन या द्रव्याचा, दारुहळदीच्या काष्ठात असतं तेच. मे-जूनमध्ये पिवळ्या फुलांचे लोंबते घोस आणि शरदात लांबट लाल फळं, हीही खूण आहे. मात्र वरचेवर छाटलेल्या कुंपणात फुलं-फळं दिसतीलच असं नाही.

इथे एक फसगत होते. बागेत शोभेला लावतात ती जपानी बारबेरी वेगळी. तिची पानं लहान, कडा सरळ, दाते नाहीत, काटा बहुधा एकेरी. डार्विन बारबेरी सदाहरित असते, तिची पानं जाड आणि चकचकीत, फुलं नारिंगी. रोपवाटिकेत या सगळ्यांवर नुसतं 'बर्बेरिस' लिहिलेलं असतं. नुसत्या तेवढ्या नावावर जाऊ नका.

आता गुलाबावरच्या तुमच्या उंटअळ्या. इंग्लंडात रानगुलाबावर उंटअळ्या करणारे दोन पतंग नेहमीचे, शोल्डर स्ट्राइप आणि स्ट्रीमर. पहिला फेब्रुवारी-मार्चच्या थंडीतच उडायला लागतो, दुसरा त्याच्या मागोमाग. मे ते जुलै या काळात दोघांच्या अळ्या गुलाबाची पानं खातात, स्ट्रीमरच्या अळ्या फुलंही खातात. दोन्ही देखणे आहेत, पण दुर्मिळ नाहीत. म्हणून त्यांची हेळसांड करा असं नाही. गुलाबासाठी वेगळं काही करावं लागत नाही एवढंच. बारबेरीसाठी जे कराल त्यात गुलाबाचंही भागतं.

पांढुरक्या अळ्यांनी फस्त केलेलं झुडूप मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्ही फवारणीचा विचार करताय तो त्याच्यासाठी. ते झुडूप बारबेरी असेल, आणि अळ्या मळकट पांढऱ्या, अंगावर काळे ठिपके आणि पिवळे डाग असलेल्या असतील, तर त्या पतंगाच्या अळ्याच नव्हेत. ती बारबेरीवरची करवती माशी (इंग्रजीत सॉफ्लाय), आर्गी बर्बेरिडिस. ब्रिटनमध्ये ती 2000 सालाच्या सुमारास आली आणि झपाट्याने पसरली. बारबेरी आणि तिच्या नात्यातलं शोभेचं झुडूप महोनिया, या दोन्हींची पानं ती शिरांपर्यंत खाऊन टाकते.

ओळखायचं असेल तर पाय मोजा, रंगाकडे फार लक्ष देऊ नका. अळीच्या छातीला पुढे तीन जोड्या खरे पाय सगळ्यांनाच असतात. फरक पोटाखालच्या मांसल पायांत. बारबेरी कार्पेटची अळी उंटअळी आहे, तिला पोटाखाली मागच्या टोकाला फक्त दोन जोड्या. त्यामुळे मधलं अंग आधाराविना राहतं आणि चालताना पाठीची कमान होते. करवती माशीच्या अळीला पोटाखाली सहा किंवा जास्त जोड्या असतात, ती कमान न करता सरपटते, आणि बऱ्याच अळ्या एकत्र पानाच्या कडेला लागलेल्या दिसतात. बारबेरी कार्पेटची अळी करडी-तपकिरी असते, पूर्ण वाढली तरी दोन-अडीच सेंटिमीटर, आणि काटकीला चिकटून स्थिर राहिली की समोर असून दिसत नाही. सहज नजरेत भरणाऱ्या, झुंडीने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या बहुतेक वेळा करवती माशीच्याच. याशिवाय स्कार्स टिश्यू नावाचा दुसरा एक पतंगही बारबेरीवर वाढतो आणि त्याचीही उंटअळीच, तेव्हा 'बारबेरीवर उंटअळी दिसली, म्हणजे तोच' असं परस्पर जाहीर करू नका. फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूने पाय दिसतील असा, आणि काउंटी मॉथ रेकॉर्डरला पाठवा. प्रत्येक काउंटीत असा एक नोंदकर्ता असतो.

फवारणी करू नका. दुकानात मिळणारं कुठलंही स्पर्शजन्य कीटकनाशक करवती माशी आणि पतंग यांच्यात फरक करत नाही. 'जैविक' म्हणून विकलं जाणारं बीटी, म्हणजे एका जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक, तर आणखी उलटं पडेल. बीटीचा नेहमीचा प्रकार पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतो, करवती माशीच्या अळ्यांवर नाही. म्हणजे जिला मारायचं ती जगेल आणि जिला जपायचं ती मरेल. झुडूप पानाविना बोडकं झालं तरी सशक्त बारबेरी पुन्हा फुटते. फार वाटलं तर खात्रीने ओळखलेल्या करवती माशीच्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. ओळख पक्की नसेल तर तेही नको.

आता छाटणी. तुमचा सगळ्यात अडचणीचा प्रश्न हाच आहे, कारण सप्टेंबर हा महिना नेमका चुकीचा आहे, आणि तरीही सगळा गाव सप्टेंबरातच छाटतो.

पतंगाचं वर्ष नीट समजून घेतलं की कारण आपोआप कळतं. त्याच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. पहिल्या पिढीचे पतंग मेच्या मध्यापासून जूनपर्यंत उडतात आणि त्यांच्या अळ्या जून-जुलैत पानं खातात. त्या कोशात जातात, आणि जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये दुसऱ्या पिढीचे पतंग बाहेर पडतात. त्यांच्या अळ्या ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर झुडपावर असतात. त्यानंतर त्या खाली उतरतात, पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोश करतात आणि पुढच्या मेपर्यंत तिथेच राहतात. याचा अर्थ मे ते सप्टेंबर पतंगाचं बहुतेक सगळं वर, पानांवर असतं. ऑक्टोबर ते एप्रिल सगळं खाली, मातीत. छाटणीचं आणि साफसफाईचं सगळं वेळापत्रक एवढ्यावरून बसतं.

शेतजमिनीच्या कुंपणांना इंग्लंडमध्ये 2024 च्या नियमांप्रमाणे 1 मार्च ते 31 ऑगस्ट छाटणीबंदी आहे. ती प्रामुख्याने पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. त्यामुळे 1 सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर बाहेर पडतात. जमीन कोरडी असते, चाकं रुतत नाहीत, कंत्राटदाराला सोयीचं. पण फ्लेल कटरने, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या झोडपून कापणाऱ्या यंत्राने, त्या आठवड्यात बारबेरीचं टोक उडवलं की दुसऱ्या पिढीच्या अळ्या पानांसकट चिरडल्या जातात. ही पिढी गेली की मातीत उतरायला कोणी उरतच नाही, आणि पुढच्या मेमध्ये तिथे पतंग नसतो. झुडूप मात्र हिरवंगार दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा छाटणी पानगळ झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. यात मी जानेवारी पसंत करतो. तोवर गुलाबाची, हॉथॉर्न या कुंपणातल्या काटेरी झुडपाची आणि बारबेरीची फळं पक्ष्यांनी खाल्लेली असतात. फेब्रुवारीवर ढकललं आणि पाऊस लागून राहिला तर ट्रॅक्टर कुंपणाच्या बुडापर्यंत नेता येत नाही, नेला तर चाकांखाली माती दबून दगड होते. कोश नेमके त्याच मातीत असतात. चाळीस मीटरमध्ये बारबेरीची दोन-चारच झुडपं असतील तर त्यांच्यापुरता ट्रॅक्टर नकोच, हाताने छाटा. लांब दांड्याची कात्री आणि कातडी हातमोजे पुरतात. साधे कापडी हातमोजे घालून बारबेरीला हात लावलात तर काटा आत मोडून राहतो आणि जागा चांगली चार दिवस ठणकते.

किती छाटायचं? एका वर्षी एकूण लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, म्हणजे प्रत्येक भागाची पाळी तीन वर्षांनी येते. बारबेरीची दोनच झुडपं असतील तर एका वर्षी एकच. दोन्ही एकदम कधीही नाही, मग ती कितीही वेडीवाकडी वाढलेली असोत. दरवर्षी एकाच उंचीवर छाटणंही टाळा. दर खेपेला मागच्या कापापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर वर कापा. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं कापलं की तिथे गाठी धरतात, वर दाट झाप तयार होते आणि बुडाशी नुसत्या काटक्या उरतात. फार वाढल्यामुळे उंची कमी करायचीच असेल तर जुन्या जाड फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुडापासून काढा. बारबेरी बुडाशी चांगली फुटते, नव्या फांद्या दोन-तीन वर्षांत भरतात.

पाळीने छाटण्याचा आणखी एक फायदा. तुमच्या कुंपणात ब्लॅकथॉर्न हे काटेरी झुडूप असेल तर त्याच्या कोवळ्या फांद्यांवर ब्राउन हेअरस्ट्रीक या फुलपाखराची अंडी हिवाळाभर असू शकतात. बारबेरी कार्पेटला हिवाळी छाटणी सोसते, कारण तेव्हा तो जमिनीत असतो. हेअरस्ट्रीकला ती सोसत नाही. एकाच कुंपणात दोघांच्या गरजा उलट्या, आणि दोघांनाही परवडणारी वाट एकच, ती म्हणजे सगळं कुंपण एका वर्षी न छाटणं.

एक काम आत्ता, पानं आहेत तोवर करून टाका. बारबेरीच्या प्रत्येक झुडपाला ठळक रंगाची फीत बांधा, जमिनीपासून दीडेक मीटरवर, ट्रॅक्टरच्या बाजूने दिसेल अशी. जानेवारीत पानं नसताना, बारीक पावसात, केबिनमध्ये बसलेल्या माणसाला तीन टोकांचा काटा दिसत नाही. 'फीत आहे तिथे पातं उचल' एवढी एकच सूचना त्याला पाळता येते. लांबलचक समजावत बसू नका.

कुंपणाच्या बुडाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. माझ्या मते अर्धी लढाई तिथे हरली जाते. वर सगळं शिस्तीत केलं, पण हिवाळ्यात पालापाचोळा रेकने ओढून काढला, गवत मातीपर्यंत खरवडलं, तण मारायला ग्लायफोसेट मारलं किंवा काळं प्लॅस्टिक अंथरलं, तर कोश उघडे पडतात, पक्षी-उंदीर खातात किंवा पतंगाला वर यायला वाटच राहत नाही. बारबेरीच्या बुडापासून दोन्ही बाजूंना निदान एक मीटर जागा मोकळी सोडा. पाला पडेल तिथे कुजू द्या. गवत फार वाढलं तर मशीनचं पातं दहा सेंटिमीटरवर ठेवून फिरवा, त्याच्या खाली नाही. काटेरी ब्रॅम्बल बारबेरीवर चढून सावली करत असेल तर ते मुळाशी हाताने कापून ओढून काढा. बारबेरीला ऊन लागतं, सावलीत ती विरळ आणि रोगट होते.

कायद्याचं थोडक्यात. घराच्या आवारातलं किंवा आवाराच्या हद्दीचं कुंपण असेल तर वरची मार्च-ऑगस्टची बंदी तुम्हाला लागू होत नाही. शेतजमिनीचं असेल तर होऊ शकते. तुमचं कुंपण घर आणि शेत यांच्या मधोमध आहे, त्यामुळे मालकी आणि हद्द कागदपत्रांत बघून घ्या. घरटी मोडण्याची बंदी मात्र सगळ्यांना आहे. शेतातलं वीस मीटरहून लांब कुंपण उपटायचं असेल तर 1997 च्या नियमांप्रमाणे स्थानिक नियोजन प्राधिकरणाला आधी कळवावं लागतं.

अळ्या घरात वाढवण्याचा मोह मला कळतो, विशेषतः घरात मुलं असतील तर. पण बारबेरी कार्पेट हा 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात आहे. त्याला जाणूनबुजून पकडणं, जवळ बाळगणं, मारणं यासाठी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेचा परवाना लागतो. परवान्याशिवाय डबीत एक अळी ठेवणंही गुन्हाच. फांदीखाली पांढरी चादर धरून काठीने ठोकायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या, ही अळ्या शोधण्याची नेहमीची पद्धत. पण पतंग असल्याची नोंद असलेल्या जागी तीही परवानाधारकानेच करावी. तुम्ही डोळ्यांनी बघा, फोटो काढा, पाऊल जपून टाका. मुलांना वाढवायचंच असेल तर स्ट्रीमरची किंवा शोल्डर स्ट्राइपची एखादी अळी गुलाबाच्या ताज्या फांदीसकट ठेवा. डबीच्या तळाला तीन-चार सेंटिमीटर ओलसर, निचऱ्याची माती लागते, कारण दोन्ही जमिनीत कोश करतात. मग ती डबी बाहेर सावलीत, पावसापासून आडोशाला, पुढच्या वसंतापर्यंत. हीटर लावलेल्या खोलीत ठेवलीत तर माती सुकून कोश मरतो, किंवा पतंग डिसेंबरातच बाहेर येतो आणि बाहेर त्याला जोडीदार नसतो.

आणि आता गहू. शेतकऱ्याच्या नाराजीला तुम्ही अडाणीपणा म्हणालात. ते मला पटलं नाही. त्याच्या भीतीला भक्कम कारण आहे.

गव्हाच्या खोडावर पडणारा काळा तांबेरा, पक्सिनिया ग्रॅमिनिस, आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही नवा नाही. या बुरशीचं पूर्ण जीवनचक्र दोन यजमानांवर होतं, एक गहू किंवा तसलं तृणधान्य आणि दुसरी बारबेरी. हे 1865 मध्ये अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगाने सिद्ध केलं, पण बारबेरीशेजारचा गहू बिघडतो हे शेतकऱ्यांना त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. गव्हाच्या धसकटावर काळे बीजाणू हिवाळा काढतात, वसंतात त्यांच्यातून निघालेले सूक्ष्म बीजाणू बारबेरीच्या कोवळ्या पानात शिरतात, पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी वाटीसारखे पुंजके येतात, आणि तिथले बीजाणू परत गव्हावर जातात. एकदा गव्हावर पोचल्यावर बुरशीला बारबेरीची गरज उरत नाही, गव्हावरून गव्हावर ती वाऱ्याने लांबवर पसरते. बारबेरीचं नुकसान दुहेरी आहे. हंगामाच्या सुरुवातीलाच ती रोगाला उचल देते, आणि बुरशीचा लैंगिक संकर तिच्यावरच होत असल्यामुळे नव्या जाती तयार होतात. म्हणून इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारबेरी उपटली गेली आणि अमेरिकेत 1918 पासून सरकारी मोहीमच निघाली. पतंग दुर्मिळ झाला तो यामुळे.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की भारतात मैदानी उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही, तो डोंगरांवरच्या गव्हावर उन्हाळा काढतो आणि तिथून दरवर्षी खाली येतो. दक्षिणेकडे निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून. निलगिरीत बारबेरीच्या जाती आहेत, पण भारतातल्या साथींमध्ये तिचा वाटा नगण्य. महाबळेश्वरच्या संशोधन केंद्रात गव्हाच्या तांबेऱ्यावर काम चालतं ते या वाऱ्यावर येणाऱ्या रोगासाठी. म्हणूनच महाराष्ट्रात शेती बघितलेल्या माणसाला 'झुडपामुळे तांबेरा' हे ऐकून हसू येतं. इंग्लंडात हसू नये. 2013 मध्ये सफोकमध्ये गव्हाच्या एका झाडावर काळा तांबेरा सापडला, जवळपास साठ वर्षांनी. त्या जातीवर ब्रिटनमधले गव्हाचे वाण तपासले तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त वाण बळी पडणारे निघाले. 2017 मध्ये सफोकमध्येच बार्लीच्या शेताजवळच्या बारबेरीवर ही बुरशी सापडली.

मग लावायची की नाही? लावायची, पण जागा निवडून. असलेल्या जुन्या झुडपांना हात लावायचं कारण नाही. नवी लावताना गव्हाच्या किंवा बार्लीच्या बांधावर नको. कुरणाकडची बाजू, झाडीची उन्हातली कड, बागेचा आतला कोपरा या जागा बऱ्या. त्याच वेळी असलेल्या झुडपापासून फार लांबही नको, कारण पतंग दूरवर उडून नवीन जागा शोधण्यात कच्चा आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटं झुडूप लावलं तर ते वर्षानुवर्षं रिकामंच राहायचं. या दोन अटी एकमेकींशी भांडतात, आणि तुमच्या जमिनीचा नकाशा बघितल्याशिवाय नेमकी जागा कोणीच सांगू शकणार नाही. बटरफ्लाय कन्झर्वेशन या संस्थेने याच पतंगासाठी बारबेरी लागवडीचं काम केलेलं आहे, खड्डा खणण्याआधी त्यांच्याशी बोला. आणि शेतकऱ्याला लागवडीनंतर नव्हे, आधी सांगा. मे-जूनमध्ये दर आठवड्याला पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी वाट्या आहेत का बघेन, दिसल्या तर लगेच कळवेन, असं आश्वासन दिलंत तर बोलणं पुढे सरकतं. इथे एक जपायचं. रानगवतावरचे तांबेरेही बारबेरीवर अशाच वाट्या करतात. नुसत्या वाट्या दिसल्या म्हणजे गव्हाचा रोग आला असं होत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. घाबरून झुडूप तोडू नका.

रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची, चाळीस ते साठ सेंटिमीटर उंचीची घ्या. लेबलवर 'बर्बेरिस वल्गॅरिस' पूर्ण नाव हवं आणि बी ब्रिटनमधलंच असल्याची खात्री विक्रेत्याकडून घ्या. एकेकटं लावण्यापेक्षा तीन ते पाच रोपांचा गट, दोन रोपांत एक ते दीड मीटर अंतर. मुळं आणल्या दिवशी लावता आली नाहीत तर ओल्या गोणपाटात गुंडाळा. तासभर वाऱ्यावर सुकली तरी रोप वर्षभर रडत बसतं. सशांसाठी नळी किंवा जाळी लागतेच. तणासाठी बुडाशी लाकडाचा भुसा किंवा पाला टाका, चटई अंथरू नका, कारण वर सांगितलंच. बियांपासून करायची तर पिकलेल्या फळांचा गर धुऊन काढा, बी ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन महिने थंडीत ठेवा आणि वसंतात पेरा. उगवण एकसारखी होत नाही, काही बिया दुसऱ्या वर्षी येतात, कुंडी लगेच रिकामी करू नका. झुडपाला अळ्या पोसण्याइतका पाला यायला काही वर्षं जातात.

तुम्ही ओघात विचारलंय की पुढच्या खेपेला भारतातून दारुहळदीचं बी आणू का. नको. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोप किंवा पेरायचं बी सामानातून आणणं इथे बेकायदेशीर आहे, आणि हा पतंग रानबारबेरीवरचा, दारुहळदीवरचा नाही.

सप्टेंबरची तारीख दिलेल्या ट्रॅक्टरवाल्याला आजच फोन करून जानेवारीची तारीख घ्या. हिवाळ्यात त्यांची कामं साठतात, उशिरा सांगितलंत तर तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सगळ्यात ओल्या दिवसांत येईल. आणि काटा, पानाचा झुबका, खरवडलेली फांदी असे तीन फोटो इथे टाका. बारबेरी आहे की नाही ते त्यावरून सांगता येईल.